मुंबई बंदरातली बाळंतीण

ऑगस्ट १९४९. दिल्लीत संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा चाललेली. एखादं कलम सोडलं तर मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दुसऱ्या कुठल्याच कलमानं दिली नाही, असं खुद्द डॉ. आंबेडकरांनी कलम मांडतानाच सांगून टाकलं होतं. आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख उठून सभेपुढे एक बाळंतीण उभी करतात. समजा, एक परदेशी जोडपं विमानानं कुठंतरी निघालंय, विमान मुंबईच्या बंदरात तास-दोन तास थांबलं आणि बाई तिथंच बाळंत झाली. मग आईबाप कुणी का असेनात, ते पोर भारताचं नागरिक? असं असेल तर भारताचं नागरिकत्व जगातलं सगळ्यात स्वस्त नागरिकत्व ठरेल, असं त्यांचं म्हणणं.

आम्हा अमरावतीकरांचे पंजाबराव म्हणजे भाऊसाहेब. त्यांची श्री शिवाजी शिक्षण संस्था नसती तर आमच्याकडच्या किती शेतकऱ्यांची पोरं शाळेच्या पायरीपर्यंत पोचली असती, देव जाणे. त्यामुळे त्यांचं हे भाषण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा खट्टू व्हायला झालं. मसुद्यात नुसता जन्म पुरेसा नव्हता, अधिवासाची अटही होती. म्हणजे तास-दोन तासांच्या पाहुणीची भीती तशी अनाठायीच. शिवाय दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शीखाला इथलं नागरिकत्व मिळावं, अशीही त्यांची सूचना होती. म्हणजे बंदरातल्या बाळाची जात-कुळी विचारायची आणि बाहेरच्या आपल्या माणसाला दार उघडं ठेवायचं. फाळणीच्या धगीत बोललेला माणूस. त्याला आज घरात बसून नावं ठेवणं सोपं आहे. पण ती बाळंतीण डोक्यातून गेली नाही. २० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथ घेतल्याच्या दिवशीच जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या आदेशावर सही केली, आणि ती थेट आमच्या घरात येऊन बसली.

माझी भाची मनू न्यू जर्सीत एडिसनला असते. नवरा अनिरुद्ध एच-वन-बी व्हिसावर. मनूला दिवस होते, तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. आदेश लागू व्हायचा होता सही झाल्यापासून तीस दिवसांनी, म्हणजे १९ फेब्रुवारीला. मी फोन केला तर अनिरुद्ध हसला. “मावशी, तुम्ही उगाच टेन्शन घेताय. हे बॉर्डर ओलांडून येणाऱ्यांसाठी आहे. आपण रीतसर आलोय, टॅक्स भरतोय.”

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला आणि आवाज निराळा होता. वकिलानं आदेशाचं दुसरं कलम वाचून दाखवलं होतं. पहिलं कलम त्यांचं, ज्या आईकडे कागदच नाहीत. बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल तर त्या मुलाला नागरिकत्व नाही. दुसरं कलम आई कायदेशीरपणे पण तात्पुरती राहत असेल त्यांचं, विद्यार्थी, पर्यटक, नोकरीचा व्हिसा, सगळे त्यात. परिणाम दोन्हीकडे तोच. अनिरुद्धला त्या कलमापेक्षा त्या कलमाचा शेजार जास्त लागला असावा. “म्हणजे आपण आणि ते एकाच ओळीत?” असं तो दोनदा म्हणाला.

त्या आठवड्यात तिथल्या भारतीय बायका सातव्या-आठव्या महिन्यातच सिझेरियन करून घ्यायला दवाखान्यांत विचारणा करताहेत, अशा बातम्या आपल्याकडे छापून आल्या. लोकांनी त्यावर विनोद केले. मनूच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही कुणीतरी हा उपाय सुचवला होता. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं की नाही हे मी तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

खरं तर या घराला जन्मस्थळाचा फटका आधीच बसलेला होता. मनूचा थोरला, ईशान, २०१४ सालचा. तेव्हा ती दोघं अमेरिकेतच होती. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. माझ्या ताईनं, म्हणजे मनूच्या आईनं, हट्ट धरला. तिथं कोण करणार, दाई कुठं मिळणार, शेक-शेगडी कोण देणार, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कोण बघणार? मनू सातव्या महिन्यात विमानात बसली. अमरावतीत राजापेठेतल्या दवाखान्यात ईशान झाला, सव्वा महिना झाला, बारसं झालं, बाळाचा पासपोर्ट निघाला आणि मायलेकरं मुंबईतून व्हिसा घेऊन परत गेली. त्या मायेची किंमत आता कळते आहे. ईशान बापाच्या व्हिसावर अवलंबून असलेला, एच-फोरवाला. एकविसाव्या वर्षी तो अवलंबून राहू शकत नाही. तोवर बापाला ग्रीनकार्ड मिळालं नाही, तर ज्या देशात तो चालायला, बोलायला, बेसबॉल खेळायला शिकला तिथं राहायला त्याला स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल. आणि बापाला ते मिळण्याची लक्षणं नाहीत. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त जात नाहीत, आणि भारतीयांची रांग दहा लाखांच्या पुढं गेलेली आहे.

यातली गंमत अशी, की ती रांग लावताना अर्जदार आज कुठल्या देशाचा नागरिक आहे हे बघत नाहीत, तो जन्मला कुठं ते बघतात. उद्या अनिरुद्धनं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी तो भारताच्याच रांगेत. म्हणजे जिथं माणसाला थोपवायचं असतं तिथं जन्मभूमी पक्की धरली जाते, आणि जिथं द्यायचं असतं तिथं ती म्हणे अपघात असते.

आदेशानंतर तिसऱ्याच दिवशी सिएटलच्या जॉन कॉगेनॉर नावाच्या न्यायाधीशांनी त्याला स्थगिती दिली आणि तो उघड-उघड घटनाबाह्य असल्याचं सुनावलं. हे गृहस्थ रेगन यांनी नेमलेले, म्हणजे डाव्या गोटातले म्हणून झटकून टाकावेत असे नव्हेत. पुढं जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं खालच्या न्यायालयांच्या देशभर लागू होणाऱ्या मनाईहुकमांवर बंधन घातलं, मूळ प्रश्नाला हात न लावता. जुलैत न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयानं अशा सगळ्या बाळांचा एक गट मानून पुन्हा मनाई केली, आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मूळ प्रश्नच सुनावणीला घेतला. आमचा धाकटा मात्र जूनच्या त्या निकालाआधीच, मार्चमध्ये, तारखेला धरून, सुखरूप आला. दवाखान्यात एक फॉर्म भरायचा होता. बाळाचं नाव, आईबापाची नावं, आणि सोशल सिक्युरिटी नंबर हवा का, त्यापुढं चौकोन. मनूनं खूण केली. काही आठवड्यांनी कार्ड टपालानं आलं. व्हिसा कुठला, किती दिवसांचा, हे फॉर्म घेणाऱ्या बाईनं विचारलंच नाही. ताई तिथं बाळंतपणाला गेली होती, तिचा विश्वास बसेना. आपल्याकडं जन्मदाखल्याला चार चकरा मारल्याशिवाय तो दाखला वाटतच नाही.

त्या घरी साफसफाईला ग्वाटेमालाची एक बाई येते. मी आधी एका उन्हाळ्यात तिथं राहिले होते तेव्हा तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी सुट्टीमुळे बरोबर यायची. आई व्हॅक्युम फिरवायची आणि पोरगी ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून आईला आलेली पत्रं वाचून दाखवायची. शाळेचं, वीज कंपनीचं, घरमालकाचं. इंग्रजी पत्र, स्पॅनिश अर्थ, मधेच मला “स्टेपलर आहे का?” एकदा घरमालकाच्या पत्रात भाडं वाढल्याचं आलं, तेव्हा तिनं आईला सांगण्याआधी क्षणभर पत्र उलटं करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं. या मुलीचा जन्म त्याच दवाखान्यातला, जिथं आमचा धाकटा झाला. तोच फॉर्म, तोच चौकोन.

अशा पोरांना तिकडं एक हिणवायचं नाव आहे: जहाजाचा नांगर. आईबाप पोराला नांगरासारखं टाकतात आणि त्याच्या आधारानं स्वतः किनाऱ्याला लागतात, असा आरोप. कायदा उघडून बघितला की हा नांगर फारच हलका निघतो. पोर एकवीस वर्षांचं झाल्याशिवाय आईबापासाठी अर्ज करू शकत नाही. आईबाप चोरवाटेनं आलेले असतील तर त्यांना बहुधा आधी देश सोडावा लागतो, आणि वर्षभराहून जास्त काळ विनाकागद राहिलेल्याला बाहेर पडल्यावर दहा वर्षं परत यायची बंदी. हा कायदा १९९६ चा. म्हणजे एकतीस वर्षांचा हिशोब. एवढ्या लांबचा डाव टाकून कोणी पाळणा हलवत असेल असं मला वाटत नाही. मधल्या काळात आईला पकडून विमानात बसवायचं झालं, तर पोराचं नागरिकत्व ते विमान थांबवू शकत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला बेड्या घालून आणले, त्यांत तीन महाराष्ट्रातले होते. ‘ते’ म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका परका नाही.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असंही नाही. नुसत्या बाळंतपणासाठी पर्यटक म्हणून जाणाऱ्या श्रीमंत बायका आहेत. त्यांची सोय लावणारे दलालही आहेत. रांगेत पंधरा वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला कुंपण ओलांडून आलेल्याचा राग येणं माणसासारखं आहे. आणि जगात बहुतेक देश नुसत्या जन्मावर नागरिकत्व देत नाहीत. देणारे बव्हंशी अमेरिका खंडातलेच आहेत. ब्रिटननं १९८३ पासून बंद केलं, आयर्लंडनं २००४ मध्ये सार्वमत घेऊन. तेव्हा अमेरिकेनं बंद केलं तर आभाळ कोसळेल, असं म्हणण्यात अर्थ नाही.

पण अमेरिकेत हे कलम आलं कुठून, ते विसरून चालत नाही. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की काळा माणूस गुलाम असो की स्वतंत्र, तो या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. तिथंच जन्मला, तिथंच खपला तरी. यादवी युद्ध झालं, लाखो माणसं मेली, आणि १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली: जो इथं जन्मला आणि इथल्या कायद्याच्या अंमलाखाली आहे, तो नागरिक. वकिलातीतल्यांची मुलं वगळली, आक्रमक सैन्याची वगळली, आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ज्यांची मूळ जमीन ती आदिवासी माणसंही वगळली गेली. त्यांना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं. बाकी कुणाचा बाप कोण, हा प्रश्न सरकारच्या हातून काढून घेतला. हे भोळेपणानं झालं नाही. १८६६ मध्ये सिनेटमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एडगर कोवन यांनी विचारलंच होतं, मग कॅलिफोर्नियातल्या चिन्यांची पोरं, आमच्याकडच्या जिप्सींची पोरं, तीही नागरिक का? कॅलिफोर्नियाचे जॉन कॉनेस, जन्मानं आयरिश, त्यांनी सरळ सांगितलं: हो. कोवन यांच्या प्रश्नात आणि भाऊसाहेबांच्या प्रश्नात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं आणि दोन समुद्रांचं अंतर आहे, रोख तोच.

कॉनेस यांचा ‘हो’ कसाला लागला तो वाँग किम आर्कच्या वेळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत १८७३ मध्ये जन्मलेला स्वयंपाकी. चिन्यांना बंदी घालणारा १८८२ चा कायदा लागू होता. हा १८९५ मध्ये चीनला जाऊन परत आला, तर त्याला बोटीवरून उतरू देईनात; तू अमेरिकन नाहीस म्हणाले. काही महिने तो बंदरातल्या बोटींवरच अडकून होता, जन्मगाव समोर दिसत असताना. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी तो नागरिक असल्याचा निकाल दिला. आजचं सरकार म्हणतं, त्याचे आईबाप कायम राहणारे होते, विनाकागद नव्हते, तेव्हा तो निकाल यांना लागू नाही. युक्तिवाद म्हणून हा टाकाऊ नाही. पण तेव्हा त्याला अडवणाऱ्यांचं म्हणणं ‘आईबाप तात्पुरते आहेत’ असं नव्हतं. ‘आईबाप चिनी आहेत’ असं होतं. कारण बदलत राहतं, बाळच तेवढं तेच असतं.

वाँगच्या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. खटला जिंकल्यावर तीन वर्षांनी त्याला टेक्ससमध्ये एल पासोला पुन्हा पकडलं, चिनी म्हणून. आणि १९१० मध्ये त्याचा चीनमध्ये जन्मलेला थोरला मुलगा आला, तेव्हा तो बापाच्या रक्तानं नागरिक होता, जमिनीनं नव्हे. आता रक्त सिद्ध करायचं. अशा वेळी बाप आणि मुलाला वेगवेगळं बसवून विचारत: गावात घरं किती, विहीर कुठल्या बाजूला, शेजाऱ्याला पोरं किती. वाँगची आणि त्याच्या पोराची उत्तरं जुळली नाहीत. पोराला परत पाठवलं. ज्याच्या नावानं त्या देशात लाखो लोक नागरिक झाले, त्याच्या पोराला तिथं पाऊल टाकता आलं नाही. (धाकटे मात्र पुढं आत आले.) बाळ कुठं जन्मलं हे सुईण, दवाखाना, शेजारीण, कुणीही सांगू शकतं, ते कुणाचं आणि त्या दिवशी आईबापाकडं कुठला शिक्का होता, हे सांगायला कचेरी लागते, आणि कचेरीला संशय घ्यायचा पगार असतो.

तिकडच्या आपल्या लोकांना तर जमिनीच्या या हक्कानं एकेकाळी तारलेलं आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही असा निकाल झाला आणि आधी दिलेली नागरिकत्वं सरकार काढून घेऊ लागलं. सखाराम गणेश पंडित नावाचे वकील, नावावरून तरी आपलेच, थिंडच्या बाजूनं लढलेले; त्यांचं १९१४ सालचं नागरिकत्वही काढायला निघाले. पंडित कोर्टात टिकले, बाकी बरेच टिकले नाहीत. कॅलिफोर्नियात परक्यांना शेतजमीन घेता येत नसे, तेव्हा इम्पीरियल व्हॅलीतले पंजाबी शेतकरी तिथं जन्मलेल्या आपल्या लेकरांच्या नावावर जमीन लावत. बापाला दिलेलं सरकार परत घेऊ शकत होतं. पाळण्यातल्याचं घेता येत नव्हतं.

आपण काय केलं? भाऊसाहेबांचं १९४९ ला ऐकलं नाही. १९५५ च्या कायद्यात भारतात जन्मला तो भारतीय, इतकं साधं होतं. मग आसाम करार झाला आणि १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप भारतीय हवा, अशी अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी पुढं: दोघं भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. ट्रम्पसाहेब जे सहीनं करू बघतात ते आपण संसदेत करून मोकळे झालो, आणि माझ्या ओळखीतल्या कुणाला ते आठवतही नाही. जन्मदाखल्यावर आईबापाच्या नागरिकत्वाचा रकाना नसतो. पण २००४ नंतर जन्मलेल्या पोराचं नागरिकत्व त्याच्या आईबापाच्या कागदांत अडकलेलं असतं, आणि त्यांचं कधीकधी आजोबांच्या. आसामच्या नागरिक नोंदणीत २०१९ ला एकोणीस लाखांवर माणसं बाहेर राहिली, त्यांत अशीही घरं होती की भाऊ यादीत आणि बहीण बाहेर. इथं मालेगावात २०२५ च्या सुरुवातीला उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं. त्यात खोटे दाखले असतील, दलालही असतील. पण उशिरा नोंद हा आपल्याकडं कधीपासून संशयाचा मुद्दा झाला? माझ्या आईची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी लिहिलेली, एक जून. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरी एक जूनच्याच होत्या.

मागच्या महिन्यात ताई एडिसनहून परत आली. फोनवर धाकट्याचे फोटो दाखवत होती. त्याचं ओसीआय कार्ड काढायचं चाललंय, म्हणजे त्याला आजोळी येता येईल. ईशानची मात्र तिला टोचणी आहे. “माझ्यामुळं झालं गं त्याचं. तिथंच होऊ दिलं असतं तर?” मी म्हटलं, तुझ्यामुळं काही नाही. मग बोलता बोलता ग्वाटेमालाच्या बाईचा विषय निघाला. त्या पोरीचं नागरिकत्व काढता कामा नये, यावर ताईचं माझं एकमत झालं. पोरीनं ताईला दवाखान्याचे कागद वाचून दाखवले होते, तेव्हापासून ती ताईच्या मर्जीतली. मग ताईनं चष्मा काढला.

“म्हणजे इकडं बांगलादेशातून आलेल्यांच्या पोरांनाही द्यायचं?”

“इथं जन्मली असतील तर, हो.”

“आईबाप चोरून आले तरी?”

“आईबापाला काय करायचं ते कायद्यानं करावं. पोरानं काय चोरलंय?”

ताई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “हे तू पुण्यात बोलतेस. अमरावतीत पंचवटी चौकात उभी राहून बोलून दाखव.”

“भाऊसाहेबांच्या पुतळ्यासमोर बोलेन हवं तर.”

“ते ऐकून घेतील,” ताई म्हणाली, “बाकीचे नाही घेणार.” आणि पुन्हा चष्मा लावून फोटो पुढं सरकवायला लागली.